‘तू ओरडली का नाहीस?’ हे समुपदेशक का विचारत नाहीत

लैंगिक अत्याचार झालेली स्त्री धीर करून कुणापाशी बोलते, तेव्हा समोरून हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘तू ओरडली का नाहीस?’ पोलीस विचारतात, वकील विचारतात, कधी सख्खी आईही विचारते. आणि ती स्वतःसुद्धा रात्र रात्र जागून स्वतःला हेच विचारत असते. उत्तर शोधलं जातं तिच्या धाडसात, स्वभावात, नाहीतर थेट तिच्या संमतीत. खरं तर ते मज्जासंस्थेत शोधायला हवं.

संकट आलं की माणूस लढतो किंवा पळतो, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण जिवावर बेतलंय आणि सुटायला वाट नाही, अशा वेळी शरीर थिजूनही जातं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, शुद्ध मात्र असते. प्राण्यांमधली ही अवस्था फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. दाबून धरलेली कोंबडी सोडल्यावरही निश्चल पडून राहते, असं आथानासिउस किर्खर या विद्वानाने १६४६ मध्येच लिहून ठेवलं होतं. माणसांबद्दलचा ठोस पुरावा यायला मात्र बराच वेळ लागला. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर महिनाभराच्या आत आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रिया त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्या होत्या, ४८ टक्के तर अगदी टोकाच्या. थिजलेल्या स्त्रियांमध्ये सहा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि तीव्र नैराश्य जास्त आढळलं. ज्यांच्या शरीराने त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवलं, त्यांनाच पुढे जास्त सोसावं लागतं, आणि वर ‘प्रतिकार का केला नाहीस’ हेही त्यांनाच ऐकावं लागतं. हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

आठवणींचंही असंच आहे. भीती पराकोटीला गेली की मेंदूत नॉरअॅड्रिनलीनसारखी रसायनं उसळतात. विचार करणारा, क्रम लावणारा कपाळामागचा भाग मंदावतो आणि धोक्याची नोंद घेणारा अमिग्डाला जोरात काम करतो. त्यामुळे एखादा वास, भिंतीवरचा डाग, बुटांचा आवाज मनात पक्का कोरला जातो. आधी काय घडलं, नंतर काय, किती वेळ गेला, हे मात्र निसटतं. तुटक सांगते म्हणून ती खोटं बोलतेय, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. तुटक आहे म्हणजे खरंच असणार, असंही विज्ञान म्हणत नाही. शांतपणे, न रडता सांगणाऱ्या बाईवर लोक विश्वास ठेवत नाहीत, त्याचंही उत्तर जुनंच आहे. बोस्टनमधल्या एका रुग्णालयात अॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ अशा स्त्रियांना भेटायला वेळी-अवेळी धावून जात. १९७४ मध्ये त्यांनी नोंदवलं, की काही जणी रडतात, थरथरतात, आणि जवळपास तितक्याच जणी वरकरणी अगदी शांत दिसतात.

हे सगळं ठाऊक असलेला समुपदेशक खोलीत कसा वागतो, ते पाहण्यासारखं असतं. आलेल्या व्यक्तीला कुठे बसायचं ते तिलाच ठरवू दिलं जातं, आणि दाराकडे जायची तिची वाट कुणी अडवत नाही. दार लावायचं की उघडं ठेवायचं, हे तिला विचारलं जातं. कोणती माहिती गुप्त राहील आणि कोणती कायद्याने कळवावीच लागेल, हे तिने काही सांगण्याआधीच स्पष्ट केलं जातं. पाणी देतानाही मागून अचानक कुणी जवळ जात नाही. वरवर बारीकसारीक वाटतं, पण अत्याचारात तिच्या हातून हिरावला गेला तो ताबा. ‘हे चालेल का?’ या प्रत्येक खऱ्याखुऱ्या प्रश्नातून तो थोडा थोडा परत मिळतो.

बोलता बोलता तिची नजर शून्यात गेली, श्वास अडकला, तर समुपदेशक घटनेबद्दलचं बोलणं तिथेच थांबवतात. ‘पाय जमिनीला टेकलेले जाणवतायत का? या खोलीत निळं काय काय दिसतंय?’ असे साधे प्रश्न तिला आजच्या क्षणात आणतात. सरसकट ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ म्हणून भागत नाही. जिचा गळा दाबला गेला होता, तिला श्वासाकडे लक्ष देण्यानेच धडकी भरू शकते.

‘एकदाचं सगळं बोलून टाक, मोकळी होशील,’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. पण घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळा तपशील वदवून घेण्याने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही पद्धत वापरू नये असं सांगितलं. सुरुवातीला हवं असतं ते ऐकून घेणं, विश्वास ठेवणं, सुरक्षितता आणि वैद्यकीय मदत. एका अभ्यासात बलात्कारानंतर साधारण बारा दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांमध्ये. म्हणजे अनेकींचं मन हळूहळू सावरतं, आणि जवळपास निम्म्या जणींना नेमक्या उपचारांची गरज उरते. घटनेकडे परत वळायचं ते तेव्हा, तिच्या तयारीने आणि तिच्या गतीने. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत टाळलेल्या आठवणीला सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सामोरं जातात. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या, साधारण १२ बैठकांच्या पद्धतीत ‘चूक माझीच होती’ यासारख्या मनात अडकून बसलेल्या विचारांची उलटतपासणी होते. दोन्ही पद्धती चांगल्या तपासलेल्या आहेत. पुरुषांवर आणि मुलांवरही अत्याचार होतात, त्यांच्यासाठीही हेच तत्त्व लागू पडतं, मुलांबाबत पद्धत मात्र वेगळी असते.

घरगुती हिंसाचारात गुंता वाढतो, कारण तिथे आघात होऊन गेलेला नसतो, चालू असतो. रात्री झोप न लागणं, पावलांच्या आवाजाने दचकणं हे तिथे आजाराचं लक्षण असेलच असं नाही; तिला धोक्याची बरोबर चाहूल लागलेली असू शकते. म्हणून समुपदेशक आधी विचारतात ते धोक्याबद्दल : शस्त्र आहे का, धमक्या वाढल्यात का, त्याने कधी गळा दाबला का. शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. अमेरिकेतल्या २००८ मधल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका साधारण सात पट आढळला. गळ्यावर वळ नसला तरी आतली इजा गंभीर असू शकते, तेव्हा डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं.

‘मग सोडून का देत नाहीस?’ हाही तसाच प्रश्न. नातं तोडण्याच्या सुमारास आणि नंतरचे काही महिने धोका बऱ्याचदा वाढतो. त्यामुळे चांगला समुपदेशक निर्णय लादत नाही, तिच्यासोबत तयारी करतो. कागदपत्रांच्या प्रती कुठे ठेवायच्या, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, संदेश पाठवायचा की नाही, मुलांना कोणता खुणेचा शब्द शिकवायचा, कोणत्या खोलीतून बाहेर पडता येतं. हिंसा चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवायला जाणं तर घातकच, कारण तिथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. अनेक जणी निघतात, परत जातात, पुन्हा निघतात. परत जाणारीला समुपदेशक रागावत नाहीत; तिची तयारी पुन्हा तपासतात आणि पुढची भेट तिला सोयीच्या, सुरक्षित वेळी ठरवतात.