ओल्ड फॉरेस्ट, ओव्हर्टन पार्क

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराच्या मध्यवस्तीत, ओव्हर्टन पार्क या सार्वजनिक उद्यानात टिकून राहिलेले जुने नैसर्गिक वन. उद्यानाचे क्षेत्र ३४२ एकर असून त्यातील १२६ एकर वनाला २०११ मध्ये ‘राज्य नैसर्गिक क्षेत्र’ हा कायदेशीर दर्जा मिळाला. देवराईला असते तसे श्रद्धेचे अभय या वनाला कधीच नव्हते. ते वाचले ते मेम्फिसकरांच्या चिकाटीमुळे आणि कायद्यातल्या काही मोजक्या शब्दांमुळे.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील उंचवट्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचे जाड थर आहेत. या लोएस मातीवर हे वन वाढले आहे. ओक, हिकरी आणि सरळसोट ट्युलिप पॉप्लर हे येथील मोठे वृक्ष असून त्यांतील काही दोनशे वर्षांच्या घरातले आहेत. त्यांच्या सावलीत स्पाइसबुश आणि पॉपॉ वाढतात. पॉपॉ हे आपल्या सीताफळाच्याच कुळातले झाड; झीब्रा स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पाने खाऊन जगतात. वनाचे जुनेपण मात्र केवळ झाडांच्या वयात नसते. वठूनही उभे असलेले खोड, त्यातल्या ढोलीत राहणारे सुतारपक्षी, जमिनीवर कुजणारे ओंडके, एखादा वृक्ष कोसळल्यावर उजेडाकडे झेपावणारी रोपे, हे सारे मिळून जुने वन होते. त्यामुळे पडलेले लाकूड येथे वनातच राहू देतात. नवी लागवड कितीही केली तरी हा क्रम काही वर्षांत उभा करता येत नाही.

ही वनजमीन शहराने १९०१ मध्ये विकत घेतली आणि उद्यानाची आखणी जॉर्ज केसलर या उद्यानरचनाकाराने केली. त्याने वन राखले. पुढे उर्वरित जागेत प्राणिसंग्रहालय, गोल्फचे मैदान, कलासंग्रहालय आणि खुले रंगमंदिर आले. या रंगमंदिरात १९५४ मध्ये तरुण एल्व्हिस प्रेस्ली गायला होता. पण ‘सार्वजनिक’ हा शब्द तेव्हा सर्वांसाठी नव्हता. वर्णभेदाच्या काळात येथील प्राणिसंग्रहालय कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस खुले असे. शहरातील उद्याने आणि क्रीडास्थळे विनाविलंब सर्वांना खुली करा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ‘वॉटसन विरुद्ध मेम्फिस’ या खटल्यात दिला. या वनाचा इतिहास सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. तसे होऊ नये.

वनावरचे सर्वांत मोठे संकट महामार्गाचे होते. इंटरस्टेट ४० हा सहापदरी मार्ग थेट उद्यानातून नेण्याचे १९५६ मध्ये ठरले. त्यासाठी उद्यानाची २६ एकर जागा जाणार होती. १९५७ मध्ये नागरिकांनी ‘सिटिझन्स टु प्रिझर्व्ह ओव्हर्टन पार्क’ ही संघटना उभारली. ‘टेनिसचे बूट घातलेल्या म्हाताऱ्या’ अशी या मंडळींची हेटाळणी झाली, तरी सभा, पत्रे, वर्गणी चालूच राहिली. दरम्यान उद्यानाच्या दोन्ही बाजूंची शेकडो घरे पाडली गेली.

त्यांच्या हाती खरे शस्त्र आले ते १९६६ च्या परिवहन कायद्यातील कलम ४(एफ) मुळे. व्यवहार्य आणि शहाणपणाचा दुसरा पर्याय असेल तर सार्वजनिक उद्यानातून रस्ता नेण्यास केंद्रीय मदत देता येणार नाही, असे ते कलम सांगते. परिवहनमंत्री जॉन व्होल्पे यांनी मंजुरी दिली, पण पर्याय का नाही याची कारणे नोंदवली नाहीत. २ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाची जमीन स्वस्त पडते आणि तेथे कोणाला बेघर करावे लागत नाही, म्हणून रस्ते नेहमी उद्यानांकडेच वळतील. हे थांबावे म्हणूनच कायदा आहे, अशी न्या. थरगुड मार्शल यांच्या निकालपत्राची भूमिका होती. रस्ता मात्र न्यायालयाने रद्द केला नाही. मूळ कागदपत्रांच्या आधारे निर्णय पुन्हा तपासा, एवढेच सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे पाठवले. १९७३ मध्ये व्होल्पे यांनीच या मार्गाला मान्यता नाकारली. बोगद्याचे पर्यायही चर्चेत आले, आणि अखेर १९८१ मध्ये उद्यानातून जाणारा मार्ग सोडून देण्यात आला. आज इंटरस्टेट ४० शहराच्या उत्तरेकडून वळसा घेतो. प्रशासकीय निर्णयांची न्यायालयीन तपासणी कशी करावी, यासाठी हा खटला अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो.

महामार्ग टळला तरी वन सुरक्षित झाले नव्हते. २००८ मध्ये प्राणिसंग्रहालयाने नव्या प्रदर्शनासाठी सुमारे चार एकर जुने वन तोडले. त्याविरुद्धच्या संतापातून जुन्या संघटनेचे नाव घेऊन नवी पिढी पुढे आली आणि २०११ चा दर्जा मिळवला गेला. तो आधी मिळाला असता तर ते चार एकर वाचले असते.

२०१२ पासून प्राणिसंग्रहालय वगळता उद्यानाचा मोठा भाग ‘ओव्हर्टन पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही ना-नफा संस्था सांभाळते. वनातले जुने डांबरी रस्ते मोटारींना बंद असून चालणारे, धावणारे आणि सायकलस्वार त्यांचा वापर करतात. जाणकारांसोबतच्या निसर्गफेऱ्याही होतात. सध्याचे जिकिरीचे काम परक्या वनस्पतींचे आहे. शहरातल्या बागांतून आलेली इंग्लिश आयव्ही ही वेल आणि प्रिव्हेट हे झुडूप जमीन व्यापतात, देशी रोपांना डोके वर काढू देत नाहीत. स्वयंसेवक ते हाताने उपटतात, आणि पक्ष्यांनी बिया आणून टाकल्या की त्याच जागी पुन्हा उपटावे लागते.