जन्मठेप 14 वर्षांची नसते

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, तुरुंगात दिवस-रात्र वेगळे मोजतात, म्हणून माणूस 7 वर्षांत घरी.’ सोलापुरात शाळेतल्या मुलांना फौजदारी न्यायव्यवस्था समजावताना हा प्रश्न हमखास येतो. येणारच, घरोघरी मोठ्यांकडूनच ऐकलेलं असतं.

आधी दिवस-रात्रीचं. कायद्यातलं वर्ष कॅलेंडरचंच. आपल्या सोलापूरच्या या वर्षीच्या गड्डा यात्रेपासून पुढच्या वर्षीच्या गड्ड्यापर्यंत जेवढा काळ, तेवढाच कैद्याचाही.

आता 14. हा आकडा कायद्यात आहे, म्हणूनच घोळ झाला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. शासन शिक्षेत सूट देऊ शकतं; पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला या सवलतीखाली 14 वर्षं भोगल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे 14 हा उंबरठा. तो ओलांडला की दार आपोआप उघडत नाही. सुटकेचा आदेश लागतो, आणि तो नाकारलाही जातो.

पडताळायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475 काढा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 433-अ). एकच परिच्छेद आहे. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.