गुडघा किती वेगाने झिजणार, हे रक्तावरून कळेल का?

ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींमध्ये गुडघा कुरकुरू लागला की हल्ली डॉक्टरांच्या आधी लॅबवाल्याला घरी बोलावलं जातं. ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचं पॅकेज असतं: आरए फॅक्टर, सीआरपी, ईएसआर, युरिक अॅसिड. नमुना तुर्भे एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि मोबाइलवर रिपोर्ट येतो. सगळं नॉर्मल. आजी विचारतात, ‘नॉर्मल आहे, तर मग जिना का चढवत नाही?’

प्रश्न रास्त आहे, आणि यात लॅबचीही चूक नाही. या तपासण्या ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा गाउट यांसारखे आजार हुडकण्यासाठी आहेत. ज्याला आपण ‘गादी झिजली’ म्हणतो, तो ऑस्टिओआर्थ्रायटिस त्यांत सहसा सापडत नाही. त्याची खूण रक्तात किंवा लघवीत शोधायचा खटाटोप मात्र चाळीसएक वर्षं चालू आहे.

मुळात झीज मोजायची कशी, हा प्रश्न एक्स-रेपासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कोळसा खाणींतल्या कामगारांचे सांधे तपासणाऱ्या जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून शून्य ते चार अशी श्रेणी ठरवून दिली. आजही ठाण्यातला ऑर्थोपेडिक ‘ग्रेड थ्री आहे’ म्हणतो, तेव्हा तो हीच मोजणी वापरत असतो. पण साध्या एक्स-रेत कूर्चा, म्हणजे तीच ‘गादी’, दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि तीही वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास कमी होते. उभं राहताना गुडघा जरा वेगळा वाकला, तरी तेवढा फरक पडतो. त्यामुळे एखादं औषध झीज थांबवतं का, हे तपासायचं तर दोन-तीन वर्षं वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून कल्पना अशी निघाली: कूर्चा तुटते, तर तिचे तुकडे कुठेतरी जात असणारच. १९८५ मध्ये शिकागोत यूजीन थोनार आणि सहकाऱ्यांनी कूर्चेतलं केराटन सल्फेट रक्तात मोजून दाखवलं. उत्साह खूप होता, पण आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळत होते की एकट्या माणसाबद्दल त्यावरून काही सांगता येईना. स्वीडनमध्ये डिक हाइनेगोर यांच्या गटाने ‘कॉम्प’ नावाचं कूर्चेतलं प्रथिन पुढे आणलं. मग २००१ मध्ये डेन्मार्कहून लघवीतल्या ‘सीटीएक्स-टू’ची चाचणी आली. कूर्चेतलं मुख्य कोलॅजन (धाग्यासारखं प्रथिन) टाइप टू. ते तुटताना त्याच्या टोकाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो, तो ही चाचणी पकडते. (लॅबच्या यादीत ‘बीटा सीटीएक्स’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये; ती हाडांच्या ठिसूळपणासाठीची, टाइप वन कोलॅजनची तपासणी आहे.) रॉटरडॅममधल्या एका मोठ्या पाहणीत ज्यांचं सीटीएक्स-टू जास्त, त्यांची झीजही वेगाने वाढलेली दिसली, आणि आता मार्ग सापडला असं वाटू लागलं.

इथेच मोठा दणका बसला. हाडांसाठीचं राइसड्रोनेट हे औषध गुडघ्याच्या सुमारे अडीच हजार रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सीटीएक्स-टू खाली आलं, डोस वाढवला तसं आणखी खाली आलं. पण गुडघ्यातली फट प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांइतकीच कमी होत राहिली. म्हणजे आकडा सुधारला, सांधा नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग हाच, आणि नेमका तोच फारसा सांगितला जात नाही.

अडचणी आणखीही आहेत. रक्त अख्ख्या शरीराचं असतं. त्यातला तुकडा उजव्या गुडघ्याचा की कमरेच्या मणक्याचा, हे कळायला मार्ग नाही. तलावपाळीला फेऱ्या मारून येऊन लगेच रक्त दिलं, तर कॉम्प वाढलेलं दिसू शकतं. सकाळी अंथरुणातून उठून हालचाल सुरू झाली की रक्तातली आणखी एक खूण, सांध्याच्या वंगणातलं हायलुरॉनिक आम्ल, वाढतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर सीटीएक्स-टू चढतं.

त्याच २००६ मध्ये अभ्यासकांनी शिस्त लावायला घेतली. कुठला मार्कर (म्हणजे रक्तात-लघवीत मोजता येणारी खूण, बायोमार्कर) निदानासाठी, कुठला पुढची वाटचाल सांगण्यासाठी, कुठला औषधाचा परिणाम पाहण्यासाठी, असे खण पाडले गेले. दरम्यान अमेरिकेत २००४ पासून ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांची नोंदणी सुरू झाली होती. त्यांचे एक्स-रे, एमआरआय, रक्त, लघवी, सगळं वर्षानुवर्षं साठवलं गेलं. त्यातल्या ६०० जणांवर पुढे बायोमार्करची कसून तपासणी झाली. ‘बिघाड’ कशाला म्हणायचं, हेही तिथे ठरवावं लागलं, कारण फट कमी होऊनही न दुखणारे असतात आणि फट तशीच असून कळवळणारेही. शेवटी दुखणं आणि झीज दोन्ही वाढली, तरच खरा बिघाड, असा एक गट वेगळा काढला गेला.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने रक्तातल्या १३ प्रथिनांचे १५ मार्कर एकत्र करून याच नोंदणीतल्या ५९६ जणांचा बिघाड वाढणार का, याचा अंदाज बांधला. नाणं उडवलं तर ५० गुण मिळतील, अशा पट्टीवर सीटीएक्स-टूला ५८ मिळाले, सुरुवातीचा एक्स-रे आणि दुखण्याची तीव्रता यांना ५९, या संचाला ७३. पुढच्या वर्षी त्याच गटाने इंग्लंडमधल्या चिंगफर्डच्या २०० बायकांचे जुने नमुने काढले आणि एक्स-रेत आजार दिसण्याच्या आठ वर्षं आधी तो रक्तात जाणवतो, असं मांडलं.

७३ म्हणजे शंभर नव्हे. एका माणसाला ‘तुमचा गुडघा चार वर्षांत बिघडणार’ असं सांगण्याइतकं ते नक्कीच नाही, आणि आपल्याकडच्या पॅकेजमध्ये ही चाचणी मिळतही नाही. मिळाली, तरी पहिलं गिऱ्हाईक औषध कंपन्या असतील. ज्यांची झीज लवकर वाढणार अशीच माणसं निवडली, तर नव्या औषधाच्या चाचणीला माणसं कमी लागतील आणि निकाल लवकर मिळेल. आज झीज थांबवणारं एकही मान्यताप्राप्त औषध नाही, त्यामुळे कंपन्यांना ती गरज आजींपेक्षा जास्त आहे. तोवर आजींसाठी उभं राहून काढलेला एक्स-रे, वजनाचा काटा, जुन्या दुखापतीची चौकशी आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, एवढंच हाताशी आहे. बायोमार्करचा आकडा काहीही आला असता, तरी फिजिओथेरपिस्टने व्यायाम हेच दिले असते.