वेब सर्व्हर व ॲप्लिकेशन सर्व्हर यांमधील सुरक्षित जोडणी

ब्राउझरची विनंती प्रथम स्वीकारणारा वेब सर्व्हर (अपाची, एन्जिनएक्स इ.) आणि तिच्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया करणारा ॲप्लिकेशन सर्व्हर (टॉमकॅट, वेबलॉजिक इ.) यांच्यातील संदेशवहन कूटबद्ध करण्याची व दोघांची ओळख पटवून घेण्याची व्यवस्था. ब्राउझर ते वेब सर्व्हर हा पहिला टप्पा सर्वपरिचित असल्याने येथे दुसऱ्या टप्प्याचाच विचार केला आहे.

मुंबईतील संगणक विभागांत याला सरसकट ‘बॅकएंडला एसएसएल लावणे’ म्हणतात (बॅकएंड म्हणजे मागची, ॲप्लिकेशन सर्व्हरची बाजू; एसएसएल म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याचा एक प्रोटोकॉल). काटेकोर पाहता हा शब्दप्रयोग कालबाह्य आहे. नेटस्केप कंपनीच्या एसएसएलची २.० ही आवृत्ती १९९५ मध्ये आणि ३.० ही १९९६ मध्ये आली. १९९९ पासून त्याची जागा टीएलएस या त्याच्या सुधारित रूपाने घेतली. एसएसएल ३.० हे २०१५ मध्ये, तर टीएलएस १.० व १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरले. आज १.२ (२००८) आणि १.३ (२०१८) याच आवृत्त्या वापरण्याजोग्या उरल्या आहेत. मात्र अपाचीतील ‘एसएसएलप्रॉक्सीइंजिन’सारखी सूचनांची नावे तशीच राहिल्याने जुना शब्द लवकर मागे पडेल असे दिसत नाही.

दोन सर्व्हरमधल्या या टप्प्यावर दीर्घकाळ एजेपी (अपाची जेसर्व्ह प्रोटोकॉल) हा द्विमान (बायनरी) संकेत वापरात होता. त्याच्या उगमाचा काळ निरनिराळा दिला जातो. अपाची जेसर्व्ह या जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या जुन्या सर्व्हरची आरंभीची रूपे १९९७ च्या मध्यास आली, म्हणून काही जण तेच वर्ष धरतात, १.० चे लिखित विनिर्देश १९९८ चे असल्याने इतर ते धरतात. संकेत आधी वापरात आला आणि त्याचे लेखन मागाहून झाले, हे लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. टॉमकॅटसोबत रूढ झालेले रूप १.३ हे असून त्याचे पोर्ट (जोडणी स्वीकारण्याचा क्रमांक) ८००९ आहे. त्यात कूटबद्धतेची सोयच नाही. उलट वेब सर्व्हरने (तशी मांडणी केली असल्यास) वापरकर्त्याचे नाव किंवा मूळ जोडणी सुरक्षित होती की नाही याविषयी जे सांगितले, ते ॲप्लिकेशन सर्व्हर मुकाट्याने खरे मानतो. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत असत त्या काळचा हा विश्वास होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाने जाहीर झालेल्या दोषाने त्याची किंमत दाखवून दिली : हे पोर्ट ज्याला गाठता येई, त्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत. टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपी मुळात बंद ठेवलेले असते आणि चालू केल्यास सामाईक गुप्तशब्द मागते. हा गुप्तशब्दही वाटेवरून उघडाच जातो.

पहिल्या टप्प्यानंतर पुन्हा कूटबद्ध करावे की नाही, याविषयी दोन मते आहेत. एका मते फायरवॉलच्या आतला भाग घरचाच. तेथे हँडशेकचा, म्हणजे जोडणीच्या आरंभी ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीचा, भार कशाला, शिवाय साधी वाहतूक तपासणे सोपे जाते. मुंबईत बँका व रोखेबाजार यांची मुख्यालये असली, तरी त्यांची यंत्रे अनेकदा नवी मुंबईत ऐरोली, महापे येथील डेटा सेंटरमध्ये इतरांच्या यंत्रांशेजारी असतात. तेथे ‘घर’ कोठे संपते हे सांगणे कठीण आहे. त्यामुळे दुसऱ्या मताकडे, म्हणजे पुन्हा कूटबद्ध करण्याकडे, कल वाढला आहे.

वेब सर्व्हरच्या मांडणीत ॲप्लिकेशन सर्व्हरच्या पत्त्यापुढे नुसते ‘एचटीटीपीएस’ लिहिल्याने काम अर्धेच होते. एन्जिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ ही तपासणी मुळात बंद असते. म्हणजे संदेश कूटबद्ध जातो, पण कोणाकडे जातो ते पाहिले जात नाही. अपाची २.४ ॲप्लिकेशन सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरील (त्याची ओळख सांगणाऱ्या डिजिटल दाखल्यावरील) नाव व मुदत आपणहून पाहते. ते कोणी दिले हे मात्र ‘एसएसएलप्रॉक्सीव्हेरिफाय’ चालू केल्यावरच पाहते. त्यासाठी संस्थेच्या अंतर्गत प्रमाणन यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र वेब सर्व्हरवर ठेवावे लागते. ॲप्लिकेशन सर्व्हरलाही खात्री हवी असेल, तर वेब सर्व्हरने स्वतःचे प्रमाणपत्र सादर करायचे असते. जावा ९ पासून की-स्टोअर (प्रमाणपत्रे व किल्ल्या साठवणारी फाइल) मुळात पीकेसीएस१२ स्वरूपात तयार होते. जुन्या यंत्रणांत जेकेएस हे जावाचे आधीचे स्वरूप आढळते. वेबलॉजिकच्या प्लगइनची मांडणी वेगळी असून त्यात की-स्टोअरऐवजी ओरॅकल वॉलेट वापरतात.

शेअर बाजारासारख्या बाजारपेठीय संस्थांच्या पर्यायी केंद्रामुळे (मुख्य केंद्र बंद पडल्यास काम चालवणाऱ्या) येथे आणखी एक अडचण उद्भवते. असे केंद्र शक्यतो निराळ्या भूकंपक्षेत्रात असावे अशी सेबीची अपेक्षा असल्याने ते मुंबईबाहेर असते. सरावाच्या दिवशी वेब सर्व्हरची जोडणी तिकडच्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे वळवली आणि तेथील प्रमाणपत्रात त्या यंत्राचे नाव नसले, तर अपाची ५०२ (‘बॅड गेटवे’) ही त्रुटी देते. पडद्यावर दिसणारा मजकूर गेटवेविषयी असतो, त्यामुळे शोध पुष्कळदा नेटवर्कमध्ये सुरू होतो. प्रमाणपत्र करतानाच पर्यायी नावांच्या रकान्यात दोन्ही केंद्रांतील यंत्रांची नावे घालतात. काही ठिकाणी त्याऐवजी नावाची तपासणीच बंद केलेली आढळते.