तत्काळ की प्रीमियम तत्काळ? नऊ जणांना परवा मुंबईला निघायचं असेल तर

आमच्याकडे सहली रात्रीच्या जेवणावर ठरतात. "परवा निघू, मुलांना मुंबई दाखवू." सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तीन मुलं. शिवाय जावेचा धाकटा, पण तो तीन वर्षांचा. वेगळी बर्थ नको असेल तर त्याला तिकीट लागत नाही. म्हणजे नागपूरहून नऊ तिकिटं. साधं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत विदर्भ एक्सप्रेसला वेटिंगशिवाय काही दिसत नाही. मग कोटा निवडायच्या यादीत दोन नावं उरतात, तत्काळ आणि प्रीमियम तत्काळ. दुसरं म्हणजे पहिलंच, फक्त थोडं महाग, असा बहुतेकांचा समज असतो. मलाही तसंच वाटायचं.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दिसायला दोन्ही जुळी भावंडं. दोन्ही आदल्या दिवशी उघडतात, एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. दोन्हींत एका तिकिटावर चारच जण. कुठलीही सवलत नाही. कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

फरक आधी पैशाचा. तत्काळमध्ये भाड्यावर ठरावीक अधिभार लागतो आणि त्याला कमाल मर्यादा आहे: थर्ड एसीला माणशी ४०० रुपये, स्लीपरला २००. नऊ जणांचं थर्ड एसी काढलं तर भाड्यावर जास्तीत जास्त ३६०० रुपये, हे आदल्या रात्रीच कागदावर मांडता येतं. प्रीमियममध्ये तसं मांडता येत नाही. तिथं जागा विकल्या जातात तसं भाडं चढत जातं. चार-चार-एक अशी तीन तिकिटं काढताना पहिल्याचा आणि तिसऱ्याचा दर वेगळा निघू शकतो.

पण मोठ्या कुटुंबाला खरा फटका पैशाचा नाही, वेटिंगचा बसतो. तत्काळमध्ये प्रतीक्षा यादी असते, प्रीमियममध्ये नसते. प्रीमियममध्ये जागा असेल तर कन्फर्म, नसेल तर तिकीटच नाही. तत्काळचं वेटिंग मात्र फार लबाड. साध्या वेटिंगवाल्यांचा नंबर त्याच्या आधी लागतो, त्यामुळे 'वेटिंग ६' बघून आशा धरू नये.

मी धरली होती. गेल्या मे महिन्यात पहिलं तिकीट चौघांचं कन्फर्म आलं. त्या आनंदात दुसरं काढताना पडद्यावर न बघताच पैसे भरले आणि ते चौघं वेटिंगवर गेले. नववं काढायला गेले तोवर सगळं संपलेलं. चार्ट लागल्यावर वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द झालं, थोडी कपात होऊन पैसेही आले. पण कन्फर्म चौघांचे पैसे अडकलेले. ते रेल्वेनं गेले आणि आम्ही पाच जण खासगी बसनं मागोमाग. सासूबाई आमच्या बसमध्ये होत्या, पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून मी आधी तत्काळच बघते, पण 'कन्फर्म बर्थ मिळाली तरच' या अर्थाच्या चौकटीत खूण करून. तिथं नाही जमलं तर लगेच प्रीमियमकडे वळायचं, आणि त्याची वरची रक्कम आदल्या रात्रीच घरात ठरवून ठेवायची. दहा वाजून दोन मिनिटांनी दिरांना फोन करून "इतके देऊ का?" असं विचारत बसलं की तेवढ्यात दर आणखी चढतो.

तिकिटं एकानं काढायच्या भानगडीत पडू नका. तिघांनी तीन मोबाईलवर, आपापल्या खात्यातून काढावीत. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याची आधार पडताळणी झालेली असावी लागते, तेव्हा ते आधीच तपासा. प्रत्येक तिकिटावर एक तरी मोठं माणूस हवंच, कारण तिन्ही तिकिटं वेगवेगळ्या डब्यांत जाऊ शकतात.

आणि तारीख. 'आदला दिवस' मोजायचा तो गाडी जिथून सुटते तिथला, तुम्ही बसता तिथला नव्हे. विदर्भ गोंदियाहून सुटून त्याच दिवशी नागपूरला येते, तिथं प्रश्न नाही. पण गीतांजली हावड्याहून दुपारी निघते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. शनिवारी नागपूरला बसायचं असेल तर तिचं तत्काळ गुरुवारीच उघडतं. शुक्रवारी सकाळी दहाला मोबाईल घेऊन बसलेली माणसं मी आमच्याच घरात पाहिली आहेत.

खालच्या बर्थचा भरवसा दोन्हींत नाही. ज्येष्ठांसाठी राखीव खालच्या बर्थचा कोटा वेगळा असतो. सासूबाईंना वरची आली तर बदलून घ्यायचं काम गाडीत बसल्यावरचं. ते जाऊबाई नागपूरला लागूनचं अजनी स्टेशन जाईपर्यंत उरकतात.