घरी जोडलेली इलेक्ट्रॉनिक वाद्यं वर्गात कशी आली

इलेक्ट्रॉनिक वाद्यं आधी दुकानात आली आणि मग हौशी मंडळी ती घरी बनवू लागली, असा एक समज आहे. झालं बरंचसं उलट. लेव्ह टेर्मेन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या सुमारास हात न लावता वाजणारं थेरेमिन बनवलं. आरसीए कंपनीने १९२९मध्ये ते बाजारात आणलं, पण महाग, वाजवायला अवघड आणि वर महामंदी. फारसं खपलं नाही. ते टिकवलं रेडिओचा नाद असलेल्यांनी, मासिकांत छापून येणाऱ्या आकृत्या समोर ठेवून.

त्यांतलाच एक रॉबर्ट मूग. शाळकरी वयात त्याने थेरेमिन जोडलं आणि १९५४मध्ये, विशी गाठायच्या आतच, ते कसं बनवायचं यावर लेख छापला. १९६१मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा लेख आला, तेव्हा त्याच्या सुट्या भागांचे सुमारे हजार संच विकले गेले. पुढे १९६४मध्ये आलेल्या त्याच्या सिंथेसायझरमागची उमेदवारी ही अशी होती.

पण ट्रान्झिस्टरआधीच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) सर्किटला शेकडो व्होल्ट लागत. असलं काही वर्गभर मुलांच्या हाती देणार कोण? ट्रान्झिस्टरने ती भीती घालवली. खरी सोय मात्र झाली ती १९७२मध्ये बाजारात आलेल्या ५५५ या आयसीने, म्हणजे एका चिपवर मावणाऱ्या तयार सर्किटने. सिग्नेटिक्स या कंपनीसाठी हान्स कामेनझिंड यांनी ती रचली, तीही मुळात वेळ मोजण्यासाठी; संगीत कोणाच्या डोक्यात नव्हतं.

तिचं काम सोपं आहे. प्रवाहाला रोध करणाऱ्या रेझिस्टरमधून वीज साठवणारा कपॅसिटर भरत जातो, बॅटरीच्या व्होल्टेजच्या दोन तृतीयांशावर पोचला की रिकामा होऊ लागतो, एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरतो. हे चक्र सेकंदाला काही शे वेळा झालं की स्पीकरमधून स्वर येतो. कपॅसिटर दुप्पट क्षमतेचा लावा, चक्राला दुप्पट वेळ लागतो आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो. भरण्याच्या वाटेवरच्या रेझिस्टरच्या जागी प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर बसवला, तर हाताच्या सावलीने स्वर उतरतो, हात बाजूला केला की चढतो. सप्तक म्हणजे दुपटीचं नातं, हे फळ्यावर कितीही लिहिलं तरी इतकं पटत नाही. १९८०च्या दशकात हौशी लोकांसाठी इलेक्ट्रॉनिक्सवर लिहिणाऱ्या फॉरेस्ट मिम्स यांच्या पुस्तिकेतून अशा दोन ५५५ एकमेकींना जोडलेलं सर्किट घरोघर पोचलं. आज ते 'अटारी पंक कन्सोल' म्हणून ओळखलं जातं. (अटारी कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.)

दुसरा धागा संगीतकारांचा. डेव्हिड ट्यूडर १९६० आणि ७०च्या दशकांत टेबलभर स्वतः जोडलेली सर्किटं पसरून मैफल करत. त्याच काळात ब्रिटनमध्ये जॉन पेंटर आणि कॅनडात मरे शेफर हे संगीतकार-शिक्षक म्हणत होते, की मुलांनी ठरलेली गाणी गाण्याआधी आवाजांशी खेळावं, स्वतः रचना करावी. हे दोन विचार नीट एकत्र आले ते निकोलस कॉलिन्स या संगीतकाराच्या कार्यशाळांत आणि २००६च्या त्यांच्या पुस्तकात. त्यांची लाडकी आयसी ४०१०६: एकेक रेझिस्टर आणि कपॅसिटर लावला की एकाच आयसीतून सहा स्वतंत्र स्वर निघतात. नुसत्या संचांनी मुलांना डाग लावायला (सोल्डर करायला) शिकवलं; इथे ऐकायलाही शिकवलं, आणि माझ्या मते फरक तिथेच पडला.

२००५मध्ये इटलीत आर्दुइनो हा प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड आला, २०१२मध्ये केळ्यालाच पियानोची पट्टी बनवू देणारं मेकी मेकी. दोन्ही झकास. पण मेकी मेकीला जोडलेलं केळं फक्त बटण असतं, आवाज काढतो तो संगणक. आर्दुइनोत ४४० लिहिलं की ४४० हर्ट्झ मिळतात. ते कुठून आले हे कळायची गरजच उरत नाही. म्हणून संगीताच्या तासाला सुरुवात ब्रेडबोर्ड (डाग न लावता भाग खोचायची पाटी), ४०१०६ आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीनेच करावी, आर्दुइनो मागाहून आणावा.