फऱ्याची लस: मृगाआधीचे तीन आठवडे

गाई-बैलांच्या या जीवघेण्या रोगाला फऱ्या म्हणा की एकटांग्या, अर्धे निदान नावातच झालेले आहे. फरा म्हणजे पायाचा वरचा मांसल भाग. तिथे सूज येते आणि जनावर त्या एका पायाने लंगडते. सूज आधी गरम व दुखरी असते. काही तासांत ती थंड पडते, तिथली संवेदना जाते आणि हाताने दाबले की कातडीखाली चरचर आवाज येतो. तो आवाज साठलेल्या वायूचा. ताप १०६-१०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, पण सूज थंडावेपर्यंत तो उतरलेलाही असतो. तेव्हा ताप नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. लक्षणे दिसल्यापासून १२ ते ४८ तासांत बहुतेक जनावरे दगावतात. पेनिसिलीन लागू पडते, पण अगदी सुरुवातीला आणि मोठ्या मात्रेत दिले तरच. कुजलेल्या स्नायूत रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार?

क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय हा तो जिवाणू. फ्रेंच पशुवैद्यक ऑग्युस्त शोव्हो यांच्यावरून हे नाव पडले. धनुर्वाताचा जिवाणू याच कुळातला. या कुळाला हवेचे वावडे. उघड्यावर ते बीजाणू होऊन मातीत निपचित पडून राहतात, अगदी वर्षानुवर्षे. चाऱ्याबरोबर बीजाणू पोटात जातात, तिथून रक्तावाटे स्नायूत पोचतात आणि तिथेही गपचूप राहू शकतात. मग एखादी धडक, गाडीतून नेताना बसलेला मार किंवा मुका घाव पुरतो. ठेचलेल्या जागी प्राणवायू कमी पडतो, बीजाणू जागा होतो, विष सोडतो आणि स्नायू काळा पडतो. वरून जखम दिसेलच असे नाही.

सहा महिने ते दोन वर्षे वयाची, अंगाने भरलेली जनावरे याला जास्त बळी पडतात. हडकुळे वासरू वाचते आणि चांगला पोसलेला गोऱ्हा जातो, म्हणून ‘दृष्ट लागली’ असे म्हटले जाते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस धो-धो पडतो. तिथली डांगी जनावरे त्या पावसात टिकण्यासाठीच नावाजलेली आहेत, पण तेलकट कातडीवरून पाणी निथळते तसे बीजाणू निथळत नाहीत. पहिल्या पावसानंतर गवत आखूड असते. जनावर ते मुळासकट, मातीसकट ओढते. निफाड-सिन्नरकडे गाय गोठ्यात बांधलेली असली तरी धोका टळत नाही. शेततळे किंवा विहीर खोदताना खालची माती वर येते आणि तिच्याबरोबर जुने बीजाणूही येऊ शकतात.

लसीकरणाचे वेळापत्रक म्हणूनच पावसावरून उलटे मोजायचे. मृग ७-८ जूनला लागतो. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे १५ मेच्या आसपास सुई टोचून झालेली हवी. पेरणीच्या गडबडीत जूनअखेर दिलेली लस कागदोपत्री लसच असते, पण सर्वांत धोक्याच्या दिवसांत जनावर उघडे पडलेले असते.

आता मेमध्ये लस द्यायची म्हणजे उन्हाशी गाठ. मालेगावकडे पारा चाळिशी ओलांडतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून मग कोणी काळजीपोटी बाटली थेट बर्फात खुपसतो किंवा फ्रीजरमध्ये ठेवतो. घोटाळा इथेच होतो. फऱ्याची लस मारलेल्या जिवाणूंची असते आणि ती ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेली असते. गोठली की त्या क्षाराचे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. पुन्हा वितळली तरी ती पूर्ववत होत नाही, ताकद गेलेली असते. बाटली हलवूनही तळाशी कण भराभर बसत असतील तर ती टाकून द्यावी. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवाच. फ्रिजमध्ये मधला कप्पा बरा. दारातला नको, तिथे तापमान सतत वरखाली होते.

मात्रा बाटलीवर वाचूनच ठरवावी. कोणत्या लसीची २ मिली, कोणाची ५ मिली. घटसर्प या गुरांच्या दुसऱ्या रोगाबरोबरची एकत्र लस वेगळी. मात्रा ५ मिली असेल तर १०० मिलीच्या बाटलीत २० जनावरे होतात. एकविसाव्यासाठी विसातल्या प्रत्येकाचे थोडे कमी करणे हा काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार आहे. दर वेळी भरण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिल्याला नुसते पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ मिळतो.

लस कातडीखाली द्यायची असते, स्नायूत नाही. मानेच्या बाजूला, खांद्याच्या पुढे कातडी चिमटीत उचलायची आणि १६ किंवा १८ गेजची आखूड सुई त्या पोकळीत तिरकी घालायची. जनावर खोड्यात घेतलेले असावे. धडपडणाऱ्या जनावरात सुई चिमटीच्या आरपार जाते आणि औषध केसांवरून ओघळते. प्रत्येक जनावराला वेगळी, निर्जंतुक सुई वापरावी. टोचलेल्या जागी काही दिवस लहानशी गाठ राहिली तर घाबरायचे कारण नाही. तापाने फणफणलेले जनावर त्या दिवशी वगळावे, आणि अगदी विण्याच्या बेतात आलेली गाय खोड्यात ओढू नये.

‘लस दिली आणि तिसऱ्या दिवशी मेले’ ही तक्रार खोटी नसते, तिचा अर्थ मात्र वेगळा असतो. रोग आधीच अंगात असेल तर लसीला वेळच मिळत नाही. गावात साथ सुरू असताना टोचले तर पुढचे दोन आठवडे एखाद-दुसरे जनावर जाऊ शकते. त्या काळात डॉक्टरांना विचारून निरोगी जनावरांना पेनिसिलीन द्यावे आणि चरायची जागा बदलावी.

मेलेले जनावर फाडू नये, कातडेही काढू नये. नाक, तोंड अशा अंगावरच्या नैसर्गिक छिद्रांतून रक्त येत असेल तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरून आधी १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर कळवावे. सहा फूट खोल खड्डा घ्यावा, त्यात चुना टाकावा आणि वर काटेरी कुंपण करावे. ओढ्याकाठी पुरू नये, नाहीतर पुढच्या पावसात तीच माती खालच्या शिवारात जाते.

दरवर्षी हमखास सुटतात ती वासरे. मेमध्ये चार महिन्यांचे असलेले वासरू ‘अजून लहान आहे’ म्हणून वगळले जाते. ते जुलैत सहा महिन्यांचे होते, ऐन पावसात, आणि तोवर लसीची फेरी गावातून निघून गेलेली असते. त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक मेमध्येच वेगळा लिहून ठेवावा आणि जुलैत दवाखान्यातून एक मात्रा आणावी.